विमान कंपन्या सावरल्या, मग आपल्याला तसं का जाणवत नाही?

प्रश्न असा आहे: 'आमच्या नाशिकच्या रोटरी क्लबात एका विमान कंपनीचे वरिष्ठ अधिकारी भाषणाला आले होते. कोविडच्या फटक्यातून विमान क्षेत्र पूर्ण सावरलं, प्रवासी २०१९च्याही पुढे गेले, असं आलेख दाखवून सांगितलं. मग तिकिटं एवढी महाग का? एकदम शेकडो विमानं रद्द का होतात? आणि ओझरहून, म्हणजे आमच्या नाशिकच्या विमानतळावरून, सोयीच्या वेळेला विमान का मिळत नाही?'

मी विमान कंपन्यांच्या नेटवर्क प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काढली. कोणतं विमान कुठून कुठे, किती वाजता उडवायचं हे ठरवणारं खातं. रोटरी-लायन्सच्या सभांना अशी भाषणं मीही दिली आहेत, त्यामुळे तुमच्या पाहुण्यांनी काय दाखवलं असेल याचा अंदाज आहे. २०१९चा उंच खांब, मग मोठा खड्डा, आणि २०२३ला पहिल्याहून उंच खांब. आकडे खरेच आहेत. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हिशोबाने देशांतर्गत प्रवासी २०१९मध्ये १४.४१ कोटी होते. २०२०मध्ये ६.३० कोटी, २०२१मध्ये ८.३८, २०२२मध्ये १२.३२, २०२३मध्ये १५.२० आणि २०२४मध्ये १६.१३ कोटी. १७ नोव्हेंबर २०२४ला तर एका दिवसात पाच लाखांहून जास्त लोक देशात उडाले, जे आधी कधी झालं नव्हतं.

या आलेखावर टाळ्या पडतात, कारण त्यात शेवट गोड आहे. पण तो प्रवाशांचा आलेख आहे, आणि त्यातसुद्धा एक गोष्ट नजरेआड होते. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत वाढ झाली जेमतेम १२ टक्के. कोविडच्या आधी याच देशात एका वर्षात तेवढी किंवा त्याहून जास्त वाढ व्हायची. दरसाल नुसती ७ टक्के धरली असती तरी २०२४मध्ये आपण २० कोटींच्या पुढे असतो. म्हणजे आपण जिथे होतो तिथे परत आलो, पण जिथे असायला हवं होतं तिथून बरेच मागे आहोत.

ते सावरले कसे, हे आधी बघू, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

२५ मार्च २०२०ला देशातली प्रवासी विमानं थांबली आणि बरोबर दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा सुरू झाली. अमेरिकेने आपल्या प्रवासी विमान कंपन्यांना पगारांसाठी २५ अब्ज डॉलर दिले. आपल्याकडे असं रोख अनुदान नव्हतं. पुढे सरकारी हमीवर कर्जाची सोय झाली, एवढंच. मग विमानं उभी असताना, भाडी आणि पगार चालू असताना, कंपन्या तगल्या कशावर? पगारकपातीवर, बिनपगारी रजांवर, नोकरकपातीवर (इंडिगोने जुलै २०२०मध्ये १० टक्के माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं), विमानांच्या मालकांना थकवलेल्या भाड्यावर. आणि तुमच्या पैशावर. रद्द झालेल्या तिकिटांची रक्कम परत न देता 'क्रेडिट शेल'मध्ये ठेवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑक्टोबर २०२०ला निकाल लागला: टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तीन आठवड्यांत परत करा, आधी काढलेल्यांचे ज्यांना लगेच देता येत नाहीत त्यांनी ३१ मार्च २०२१पर्यंत क्रेडिट शेलमध्ये ठेवा, पण महिना अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का दराने वाढवून. सोप्या मराठीत, प्रवासी हा कंपनीचा सावकार झाला, त्याला न विचारता.

तुमच्या क्लबात फोर-वे टेस्ट म्हणतात ना, चार प्रश्नांची? ती १९३२मध्ये हर्बर्ट टेलर यांनी लिहिली, शिकागोची एक ॲल्युमिनियम भांड्यांची कंपनी दिवाळ्यातून वर काढताना. म्हणजे मूळ ती कंपनी सावरण्याचीच चाचणी. तिचा दुसरा प्रश्न, 'संबंधित सर्वांना हे न्याय्य आहे का', क्रेडिट शेलला लावून बघा. पाहुण्यांना तो विचारायला हवा होता.

उभं विमान म्हणजे गॅरेजमधली गाडी नव्हे. त्या दोन महिन्यांत ॲप्रनवर, म्हणजे विमानतळावरच्या विमानं उभी करायच्या जागेवर, ओळीने उभी असलेली विमानं ज्यांनी बघितली त्यांना हे कळेल. इंजिनाच्या तोंडावर लाल झाकणं, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. त्याचा रंग बदलला की पिशव्या बदलायच्या. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांना टोप्या, कारण त्या बोटभर नळीत गांधीलमाशी मातीचं घर करते आणि मग उड्डाणात वेग चुकीचा दिसतो. टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून ठरावीक दिवसांनी विमान थोडं सरकवायचं. काही विमानं पूर्ण झाकून न ठेवता 'जिवंत' ठेवावी लागत, त्यांची इंजिनं अधूनमधून चालवायची. माणसांचंही तसंच. वैमानिकाला प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. विमानं उभी म्हणजे ती होणार कुठे? मग सिम्युलेटरसाठी रांगा. सगळं पुन्हा सुरू करायला पैसा लागला, आणि तो पैसा तिकीटविक्रीतून येत नव्हता, कारण सुरुवातीला फक्त ३३ टक्के उड्डाणांना परवानगी होती. ती पायरीपायरीने वाढत, मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा घसरत, १८ ऑक्टोबर २०२१ला १०० टक्क्यांवर आली. भाड्याला सरकारने खालची आणि वरची मर्यादा घातली होती (मुंबई–दिल्लीला सुरुवातीला ३,५०० ते १०,००० रुपये), ती ३१ ऑगस्ट २०२२ला उठली.

कंपन्यांचे ताळेबंद आता बघा. इंडिगोला २०२०-२१मध्ये सुमारे ५,८०० कोटी आणि २०२१-२२मध्ये ६,१०० कोटींहून जास्त तोटा झाला. २०२३-२४मध्ये तिने ८,१७२ कोटी नफा दाखवला तेव्हा वर्तमानपत्रांनी विक्रमी नफा म्हणून मथळे दिले. मागचा खड्डा भरून यायला मात्र पुढचं वर्षही लागलं. ही सगळ्यांत सशक्त कंपनी. बाकीच्यांचं काय झालं तेही ठाऊक आहे. जेट एअरवेज कोविडच्या आधीच, एप्रिल २०१९मध्ये थांबली होती. गो फर्स्टने मे २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनं मिळत नसल्यामुळे तिची जवळपास निम्मी विमानं जमिनीवर होती. एअर इंडिया जानेवारी २०२२मध्ये टाटांकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. आज देशांतर्गत बाजारातला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा इंडिगो आणि एअर इंडिया या दोनच गटांकडे आहे.

आता तिकीट महाग का, याचं उत्तर. लोक म्हणतात, मागणी वाढली म्हणून. अर्धं खरं. मागणी परत आली तेव्हा आसनं परत आली नव्हती, हे उरलेलं अर्धं. जुलै २०२३मध्ये इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीने जाहीर केलं की एअरबसच्या ए३२० निओ विमानांच्या इंजिनांतल्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात त्या भुकटीत अशुद्धता सापडली आहे. २०१५च्या अखेरीपासून २०२१पर्यंत बनलेले भाग तपासावे लागतील. तपासायचं म्हणजे इंजिन पंखाखालून उतरवून कारखान्यात पाठवायचं, आणि कारखान्यात रांग एवढी की इंजिन परत यायला दहा-दहा महिने. इंडिगोची सत्तराहून जास्त विमानं एका टप्प्यावर उभी होती. नवं विमान मागवावं तर एअरबस आणि बोईंग या दोन्ही निर्मात्यांकडे वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी २०२३मध्ये नोंदवली ती याच रांगेत जागा धरायला. त्या मथळ्यांतलं विमान तुमच्या वाट्याला यायला दशक सरेल.

दुसरं, खर्च डॉलरमध्ये. विमानाचं भाडं, इंजिनाची दुरुस्ती, सुटे भाग, सगळं. २०१९च्या अखेरीस डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५मध्ये त्याने ९० ओलांडले. तिसरं, इंधन, ते एकूण खर्चाच्या तीस-चाळीस टक्के, जीएसटीच्या बाहेर, आणि प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५वरून १८ टक्क्यांवर आणला, ते बरं केलं.

माझ्या मते मात्र इंधन आणि डॉलर ही भाषणात सांगायला सोयीची कारणं आहेत, कारण त्यात कोणाचा दोष नसतो. मार्गावर दुसरी कंपनी आहे की नाही, हे भाड्याला जास्त लागू पडतं. गो फर्स्ट बंद पडली तेव्हा लेह आणि श्रीनगरची भाडी काही दिवसांत कशी चढली ते आठवा. इंधन तेच, डॉलर तोच; फक्त एक स्पर्धक गेला होता.

विमानं रद्द होण्याकडे येतो, कारण 'सावरणं' कशाला म्हणायचं याची खरी कसोटी तिथे लागते.

कोविडमध्ये प्रत्येक कंपनीने चरबी काढून टाकली. हेच शब्द बैठकांत वापरले जात. ही चरबी म्हणजे काय, तर तळावर उभं असलेलं एक जादा विमान, घरी फोनजवळ बसलेले स्टँडबाय वैमानिक, दोन फेऱ्यांमध्ये सोडलेली पंधरा मिनिटांची फट, गोदामातलं जादा सुटं चाक. कागदावर हे सगळं फुकट खाणारं दिसतं. उभ्या विमानाला भाडं पडतं आणि उत्पन्न शून्य. आर्थिक विभागाचा माणूस ते काढायला सांगतो आणि त्या तिमाहीत तोच बरोबर ठरतो. पण त्याच फटींमध्ये गडबड जिरते. एक विमान दिवसाला सहा फेऱ्या करतं असं धरा. सकाळी दिल्लीत धुक्याने दीड तास गेला. मध्ये फटी असतील तर दुपारपर्यंत तो उशीर अर्ध्या तासावर येतो. फटी नसतील तर दीड तास संध्याकाळपर्यंत तसाच राहतो, आणि शेवटच्या फेरीला वैमानिकांचे कामाचे तास संपतात. स्टँडबाय नाही. फेरी रद्द. ते विमान रात्री जिथे पोचायला हवं होतं तिथे पोचत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची तिथली फेरीही रद्द. त्या सकाळी तिथे स्वच्छ ऊन असतं आणि काउंटरवरची मुलगी 'ऑपरेशनल रीझन' म्हणते. प्रवासी तिच्यावर ओरडतात. तिला खरंच त्याहून जास्त माहिती नसते.

डिसेंबर २०२५मध्ये हे देशभर एकदम घडलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. नियम जानेवारी २०२४मध्येच जाहीर झाले होते, म्हणजे तयारीला वेळ होता. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या, नियमातून तात्पुरती सूट द्यावी लागली आणि सरकारला भाड्यांवर पुन्हा मर्यादा घालावी लागली. अनेकांनी नियमांना दोष दिला. मला ते अजिबात पटत नाही. थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान देऊन वेळापत्रक वेळेवर ठेवण्यात काय अर्थ आहे? ज्या कंपनीकडे देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी आहेत तिच्याकडे जादा माणसं नव्हती, असा त्याचा सरळ अर्थ. आणि ती ज्यांना घेऊन जाऊ शकली नाही त्यांना सामावून घेण्याएवढी आसनं दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. प्रवासी परत आले, नफा परत आला. राखीव काही परत आलं नाही. म्हणून मी या क्षेत्राला सावरलेलं म्हणत नाही.

आता ओझर.

नाशिककरांचा राग मला समजतो. २०१८मध्ये जेटने दिल्लीला जाणारं विमान सुरू केलं, लोकांना सवय लागत होती तोवर २०१९मध्ये जेटच बंद पडली. मार्च २०२३मध्ये इंडिगो आली आणि तेव्हापासून जरा स्थैर्य आहे. लहान शहरांचं हे देशभरचं दुखणं आहे. लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या 'उडान' योजनेवरचा कॅगचा २०२३चा अहवाल वाचा: ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ३७१ सुरू झाले, तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ११२नी, आणि अनुदान संपल्यावरही टिकले फक्त ५४. अनुदान विमान आणतं, ठेवून घेत नाही.

सकाळचं विमान का नाही? कारण सकाळी सातला ओझरहून उडायचं तर ते विमान आदल्या रात्री ओझरला मुक्कामाला हवं. त्याबरोबर वैमानिक आणि केबिन क्रूची हॉटेलं, गाड्या, रात्री तपासणारा इंजिनीअर, एवढ्या सकाळी उघडी असलेली सुरक्षा आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण). धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कारखान्याची, त्यामुळे तिथल्या वेळा एकट्या विमान कंपनीच्या हातात नाहीत. आणि काही बिघडलं तर सुटा भाग दुसऱ्या शहरातून येणार. हे सगळं जमवता येतं. अडतं ते वेगळ्याच हिशोबावर. दिल्लीहून ओझरला येऊन परत जायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्याच वेळात तेच विमान दिल्ली–मुंबई–दिल्ली करतं. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत दिल्ली–मुंबईच्या शेवटच्या वीस आसनांना जो भाव मिळतो तो नाशिकला मिळत नाही. म्हणून नाशिकच्या वाट्याला दुपार येते, मोठ्या मार्गांची गर्दी ओसरलेली असते तेव्हाची. यात कोणाचा द्वेष नाही. विमानं कमी असताना प्रत्येक तास जिथे जास्त पैसे देतो तिथे जातो, एवढंच.

त्यात नाशिकची अडचण अशी की तुमचा प्रतिस्पर्धी दुसरी विमान कंपनी नाही, रस्ता आहे. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाला आणि मुंबई जवळ आली. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. शिर्डीचा विमानतळही शेजारीच. कंपनीचा प्लॅनर नकाशावर वर्तुळ काढतो आणि म्हणतो, हा प्रवासी तसाही आपल्याच विमानात बसणार आहे, मुंबईहून. मग ओझरला वेगळं विमान पाठवून त्याला फक्त इकडून तिकडे का हलवू? या वाक्याला उत्तर द्यायची तयारी असल्याशिवाय निवेदन देऊ नका.

निवेदनांचा ढीग मी बघितला आहे. 'नाशिक हे झपाट्याने वाढणारं शहर असून' अशी सुरुवात, कुंभमेळा, द्राक्षं, वाईन, एचएएल, शेवटी खासदारांची सही. प्लॅनरला यातलं काहीच उपयोगाचं नसतं. कुंभ तर उलट आहे: त्या काळात कंपन्या स्वतःहून जादा विमानं सोडतील आणि पर्वण्या संपल्या की उचलून नेतील. त्याच्या गर्दीवर वर्षभराचा मार्ग उभा राहत नाही. द्राक्षं कार्गोला बरी, पण हंगाम चार महिन्यांचा.

प्लॅनरला काय लागतं ते सांगतो. तुमच्या क्लबात सातपूर-अंबडचे कारखानदार असतील. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना हाताशी आहेत. पन्नास कंपन्यांच्या ट्रॅव्हल डेस्ककडून मागच्या वर्षीचा प्रवास गोळा करा. कोणत्या शहराला, कोणत्या वारी, किती दिवस आधी तिकीट काढलं, मुंबईहून उडताना टॅक्सीसकट किती पडलं, रात्रीचा मुक्काम वाढला का. नावं नकोत, आकडे हवेत. शुक्रवार आणि सोमवार कोणाचेही भरतात. मंगळवार-बुधवारी किती माणसं खात्रीने बसतील ते दाखवा, कारण मार्ग मरतो तो मधल्या वारांना. बेंगळुरू आणि हैदराबाद स्वतंत्र काढा. तिथून पुढे कोचीन, चेन्नई, सिंगापूर, आखाताला जाणारे किती हेही काढा; प्लॅनरच्या वर्तुळाला खरं उत्तर तेच, कारण असा प्रवासी मुंबईच्या गर्दीऐवजी हैदराबादहून पुढे न्यायला कंपनीलाही आवडतो. आणि ए३२०चा हट्ट सोडा. १८० आसनांपेक्षा ७०-७८ आसनांचं एटीआर दिवसातून दोनदा आलं तर धंद्याच्या माणसाला जास्त कामाचं. पंखे आहेत म्हणून ते कमी दर्जाचं, हा गैरसमज आपल्याकडे फार.

पुढच्या पाहुण्यांना आलेख संपल्यावर एवढं विचारा: ओझरची फेरी ज्या विमानाची आहे ते बिघडलं तर बदली विमान कोणत्या तळावरून येतं आणि त्या तळावर आज किती उभी आहेत? मागच्या सहा महिन्यांत ओझरच्या किती फेऱ्या हवामानाने रद्द झाल्या आणि किती विमान किंवा क्रू नसल्यामुळे? हे आकडे त्यांच्याकडे असतात, रोज सकाळच्या बैठकीत वाचले जातात.

आणि वेळ बघून हालचाल करा. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. विमानांची वाटणी त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. हिवाळ्यात काही हवं असेल तर तुमचे आकडे जूनपर्यंत प्लॅनिंगच्या टेबलावर पोचायला हवेत. गणपतीनंतर भेटायला गेलात तर चहा चांगला मिळेल.